संदर्भांची वाट कोणाच्या ताब्यात?

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीने शब्दही प्रमाण मानला; पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. वस्तू जशी आहे तशी ज्याला कळली आणि ती तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असे वात्स्यायनाने न्यायभाष्यात म्हटले. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही त्याने नोंदवले. हे मला फार मोलाचे वाटते, कारण इथे अधिकार कुळावर ठरत नाही, सांगणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर ठरतो. आजच्या संशोधकाचेही बरेचसे ज्ञान दुसऱ्याच्या शब्दावरच उभे असते. तो शब्द पारखायचा तर मूळ सांगणाऱ्यापर्यंत परत जाता आले पाहिजे, आणि तळटीप ही त्याची वाट. तेव्हा शोधनिबंध आणि संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर निवडताना पहिली कसोटी सोयीची नसावी. ही वाट आपल्या हाती राहते का, हे आधी पाहावे.

धोका काल्पनिक नाही. संदर्भ सांभाळणाऱ्या एंडनोट या सॉफ्टवेअरच्या संदर्भशैलींच्या फायली झोटेरो या दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येऊ लागल्या म्हणून एंडनोटची तेव्हाची मालक कंपनी थॉमसन रॉयटर्सने २००८ साली झोटेरो बनवणाऱ्या जॉर्ज मेसन विद्यापीठावर दावा लावला; पुढच्या वर्षी तो फेटाळला गेला. एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेने २०१३ मध्ये मेंडेली हे तशाच कामाचे सॉफ्टवेअर विकत घेतले आणि २०१८ मध्ये वापरणाऱ्याच्याच संगणकावरचा त्याचा डेटाबेस कूटबद्ध झाला. कारण सुरक्षिततेचे दिले गेले. बिबटेक्स किंवा आरआयएस या संदर्भांच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपांत फाइल काढता येत होती, पण फोल्डरांची मांडणी तिच्याबरोबर येत नव्हती. गोपनीयतेची काळजी रास्तच आहे. मात्र स्वतःची टिपणे ज्याची त्यालाच थेट वाचता येऊ नयेत, हे त्या काळजीतून निघत नाही.

यावर कोणी म्हणेल, साधन ते साधन. खरा अभ्यासक कशातही पारख करील. एका लेखापुरते हे खरे आहे. वीस वर्षांच्या टिपणांत कोणता विचार कोणाकडून आला, हे मात्र स्मरणावर सोडता येत नाही, आणि ते विसरले की दुसऱ्याचे ऋण नकळत आपले भांडवल होते. झोटेरोही उद्या बंद पडू शकेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण त्याचा कोड खुला आहे आणि नोंदी एसक्यूलाइट या सर्वज्ञात स्वरूपात राहतात, त्यामुळे संस्था संपली तरी संग्रह वाचता येईल. म्हणून माझा कौल झोटेरोला. सगळी प्रयोगशाळा एंडनोटवर काम करत असेल तर तेही खुशाल वापरावे, फक्त संग्रहाची आरआयएस प्रत अधूनमधून स्वतःकडे काढून ठेवावी.

नव्या संशोधकांना एवढीच विनंती: कोणतेही सॉफ्टवेअर स्वीकारण्याआधी त्यात दहा लेख टिपणांसह भरा, ते बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, काय गळाले ते पाहा आणि मगच ठरवा.