मधले बोट

२०१२च्या जानेवारीत सिडनी कसोटीत विराट कोहलीने प्रेक्षकांना मधले बोट दाखवले. सामन्याचे निम्मे मानधन दंडात गेले. परतूर तालुक्यातल्या आमच्या वर्गात पाचवीच्या मुलाने तेच केले. अर्थ विचारला तर म्हणाला, "सर, मोबाइल में देखा." २००९च्या शिक्षण हक्क कायद्याची मनाई ठाऊक असूनही आम्ही त्याच बोटावर पट्टी मारली. पुढच्या तासाला त्याला पेन धरवेना. पेन टेकते ते याच बोटावर. तस्बीह मोजतानाही ते वगळत नाहीत.

अमलाचा आधार नियत, हे आम्हीच शिकवतो. मुलाची नियत नकलेची होती. आमची? होता तो राग. नाव मात्र तरबियतचे. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो हसला, पण हात दप्तराखालीच ठेवला.