चालते आहे तोवरच उघडावे

एप्रिल 2018. नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणेच्या अखेरच्या टप्प्यात होती. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी केप हॉर्न ओलांडून आल्या होत्या. घर जवळ आले असताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात थांबावे लागले. दुरुस्ती करून 21 मे रोजी त्या गोव्यात पोहोचल्या. पुढे याच नौकेने 2024-25 मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींना पुन्हा जगाभोवती नेले. नौकेचे आयुष्य असे वाढते ते वेळोवेळी खोलून, पाहून, पुन्हा नीट जोडल्यामुळे.

जुन्या नौकेचे सुकाणू वरून कळत नाही. फायबरच्या पात्यात स्टेनलेस स्टीलचा दांडा उतरलेला असतो. त्याला आतून पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. दांडा जिथे पात्यात शिरतो, तिथल्या केसाएवढ्या फटीतून पाणी मुरते. हे पोलाद टिकते ते प्राणवायूमुळे पृष्ठभागावर धरणाऱ्या पातळ थराच्या जोरावर. कोंडलेल्या पाण्यात प्राणवायू संपतो, थर जातो आणि धातू आतल्या आत खचतो. बाहेरचा रंग तसाच चकचकीत राहतो.

म्हणून सुकाणू उतरवावेच लागते. दांड्यासकट पाते खाली निघायला जागा हवी, तेव्हा नौका उंच उचलतात किंवा खाली खड्डा खणतात. पात्यावर टकटक केली की भरीव आवाज कुठे बद्द होतो, ते ऐकायचे. सांध्यातून तांबूस पाणी झिरपले, तर आतला गंज ओळखायचा. परत बसवल्यावर पात्याचे टोक धरून हलवायचे आणि दोन्ही बाजूंना ते सारखे वळते का, हे पाहायचे.

कोकणातल्या तांडेलाला यासाठी वेगळे मन घट्ट करावे लागत नसे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात. नारळी पौर्णिमेपर्यंत डागडुजीला सवड मिळे. ती सक्ती निसर्गाची होती. समुद्रापासून दूर शेतशिवारातही मृगाआधी औत भरून घेण्याची रीत याच शहाणपणाची: औताची फास गेल्या हंगामात चालली, तरी ती काढून पाजवायची. फायबरची नौका मात्र वर्षानुवर्षे पाण्यात राहू शकते, आणि तिला बाहेर काढायला कुणीच भाग पाडत नाही.

चालत्या वस्तूला हात लावू नये, असे म्हणणाऱ्यांचाही मुद्दा खोटा नाही. खोलताना नवी चूक होऊ शकते. पण त्यावर उपाय म्हणजे जोडणीचीही तितक्याच कसोशीने तपासणी. न उघडणे हा उपाय नव्हे. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या 19 व्या दरवाजाची साखळी तुटली. सत्तर वर्षे जुन्या धरणातून पाणी वाहू लागले, आणि वापरातल्या लोखंडाचेही वय होते, हे साऱ्या देशाला दिसले.

पूल, धरणे, संस्था, कायदे, सगळ्यांचे वजन अशाच न दिसणाऱ्या दांड्यांवर असते. चालणारी गोष्ट स्वतःहून कधीच ‘मला उघडा’ म्हणत नाही. म्हणून उघडण्याची तारीख आपण आधीच ठरवावी. नाहीतर ती बिघाड ठरवतो, आणि तो बंदर जवळ आहे की नाही, हे पाहत नाही.