मुकीम की मुसाफिर?

2018 च्या ऑगस्ट महिन्यात मी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. पाठीमागे निळा समुद्र, त्यात शिडाची एक होडी, आणि पुढे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा असलेला मी. थोड्याच वेळात भाचीचे उत्तर आले : "मामू, मग शाळा कधी असते?"

ती थट्टा होती. पण थट्टेतला प्रश्न पाठ सोडत नाही. त्या वेळी मी झांझिबारमध्ये होतो. तेहतीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात गणित आणि इंग्रजी शिकवून निवृत्त झालो होतो. गुडघे धड होते, पेन्शन चालू होती. उंगुजा बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावातील शाळेत चार महिने विनावेतन शिकवायचे, असे ठरवून मी गेलो. विनावेतन हा शब्दही पुरता खरा नाही. परदेशात स्वयंसेवक व्हायला अनेकदा पैसे भरावे लागतात आणि तसे ते मीही एका संस्थेला भरले होते.

झांझिबार हे नाव कोकणातल्या आम्हा लोकांना परके नाही. आमच्याकडची जुनी माणसे त्याला जंगबार म्हणत. हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यावर गलबते तिकडे जायची आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की परत फिरायची. कोकणी मुसलमानांची वस्ती मोंबासात आजही आहे. त्यात आम्ही शाफई, आणि तिथले बहुतेक सुन्नीही शाफईच. त्यामुळे मशिदीत पहिल्या दिवशी उभा राहिलो तेव्हा हात कुठे बांधायचे हा प्रश्न पडला नाही.

भाषेनेही सुरुवातीला फसवले. शिक्षकाला ते 'म्वालिमू' म्हणतात. हा आपलाच मुअल्लिम. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे पेशाने शिक्षक होते, म्हणून सारा देश त्यांना म्वालिमू म्हणत असे. आणि 'सफारी' म्हणजे सिंह पाहायला उघड्या जीपमधून जाणे नव्हे. कुठलाही प्रवास म्हणजे सफारी, आपला सफर. मी सोमवार ते शुक्रवार म्वालिमू होतो आणि शनिवार-रविवार सफारीवर. दोन्ही शब्द अरबीतून आलेले, एकाच माणसाच्या अंगावर दोन सदऱ्यांसारखे. भाचीला मी तसेच काहीतरी लिहून पाठवले आणि विषय संपला असे मानले.

आता त्या शनिवार-रविवारांविषयी. मी भरपूर फिरलो, हे कबूल करतो. डालाडालात बसून (आपल्याकडच्या वडापची ही सख्खी बहीण) स्टोन टाउनला गेलो. 1873 मध्ये बंद झालेला गुलामांचा बाजार जिथे भरत असे, त्या जागी उभे असलेले चर्च पाहिले. जोझानीच्या जंगलातली तांबड्या पाठीची माकडे पाहिली, चांगू बेटावरची अवाढव्य कासवे पाहिली. लवंगांच्या बागा पाहिल्या. आयुष्यभर दिवाळीची सुट्टी पेपर तपासण्यात घालवलेल्या माणसाला हे सगळे फार गोड लागले.

यात चूक काय? मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आणि माझ्या बाजूने पुरावे कमी नव्हते. जमिनीवर फिरा आणि पाहा, असे कुरआन एकदा नव्हे, अनेकदा सांगतो. शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. हजसारख्या इबादतीच्या प्रवासातसुद्धा व्यापार करून चार पैसे मिळवण्यात गुनाह नाही, अशी सवलत सूरह बकराच्या 198 व्या आयतीत आहे. मग शिकवायला गेलेल्या माणसाने सुट्टीच्या दिवशी माकडे पाहिली तर सवाब कमी होईल का?

इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये या मिसळलेल्या नियतीचा बारकाईने विचार केला आहे. त्यांचा रोख असा की माणसाच्या कामात एकच हेतू क्वचित असतो. तेव्हा कोणता हेतू जड आहे ते तोलून पाहावे. बुखारी शरीफची पहिली हदीस नियतीची आहे हे आपण जाणतो, पण ती कोणत्या संदर्भात येते याकडे आपले लक्ष नसते. ती प्रवासाची आहे, हिजरतीची आहे. घर सोडून निघालेल्या दोघांची वाट एकच असेल. पण एक अल्लाह-रसूलसाठी निघाला आणि दुसरा दुनियेच्या लाभासाठी किंवा एखाद्या स्त्रीशी निकाह करण्यासाठी, तर दोघांची हिजरत एक होत नाही. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळणार नाही. तिकीट तेच, सामान तेच.

शिवाय फिरण्याचा शाळेला उपयोगही झाला. मी घरून तयार करून नेलेली गणिते आगगाडीची होती. एक गाडी इथून सुटते, दुसरी तिथून, दोघी कुठे भेटतील. झांझिबारमध्ये आगगाडीच नाही. पोरे माझ्याकडे नम्रपणे पाहत राहिली. डालाडालात आठ-दहा वेळा चेंगरून बसल्यावर आणि लवंगेचे भाव ऐकल्यावर माझी गणिते बदलली. लवंग वाळल्यावर तिचे वजन किती घटते यावर शेकडेवारी शिकवली, तेव्हा मागच्या बाकावरून पहिल्यांदा हात वर आले. हे मला खोलीत बसून सुचले नसते.

शाळेत आणखी एक स्वयंसेवक होता, युरोपातला विशीतला तरुण. 'मी इथे मौज करायला आलेलो नाही' असे तो म्हणे. दोन महिने गावाबाहेर पडला नाही. सुट्टीच्या दिवशीही तो मुलांना बोलवायचा, मुले यायची नाहीत, आणि सोमवारी तो त्यांच्यावर चिडायचा. त्या मुलांचा शनिवार रिकामा नव्हता, हे त्याला कोणी सांगितले नाही. सकाळी कुरआनचा वर्ग. ओहोटी दुपारकडे असली की मुली आया-मावश्यांबरोबर समुद्रात उतरून दोऱ्यांना बांधलेले शेवाळ काढणार. या किनाऱ्यावर शेवाळाची शेती सुमारे 1990 पासून आली आणि ती मुख्यतः बायकाच करतात. त्या तरुणाचा त्याग खरा होता, पण त्याची किंमत तो मुलांकडून वसूल करत होता. त्याच्यापेक्षा मी बरा, असे मला वाटे.

मग पेंबाची गोष्ट घडली.

पेंबा हे उत्तरेकडचे दुसरे मोठे बेट. एका शुक्रवारी जुम्याची नमाज पढून निघालो. रविवारी परत यायचे होते. निघण्याआधी फॉर्म फोरच्या सात मुलांना सांगितले होते, सोमवारपासून सकाळी साडेसहाला जादा तास घेईन. नोव्हेंबरात त्यांची सरकारी परीक्षा. माध्यमिक शाळेत सगळे इंग्रजीतून आणि इंग्रजीच कच्चे. रविवारी वारा वाढला आणि बोट सुटली नाही. 2011 च्या सप्टेंबरात पेंबाला निघालेली एक बोट बुडून शेकडो माणसे गेली होती, हे मला तिथेच कळले. तेव्हा कुरकुर करण्याचा प्रश्न नव्हता. मी खाडीकाठी बसून तळलेला मासा खाल्ला. सोमवारी संध्याकाळी फोन लागला तेव्हा शाळेचा नंबर कोणी उचलला नाही. गावात पोहोचलो मंगळवारी रात्री.

बुधवारी समजले की सातही मुले सोमवारी आली होती आणि मंगळवारीही आली होती. त्यातली एक मुलगी शेजारच्या गावातून अंधारात चालत यायची. एकटी कशी येणार, म्हणून सोबतीला नऊ-दहा वर्षांचा भाऊ. तो व्हरांड्यात भिंतीला टेकून झोपला होता म्हणे, दोन्ही दिवस.

मी माफी मागायला तोंड उघडले तर तिनेच आधी विचारले, "हबारी झा सफारी?" प्रवासाची काय खबर? तिकडची ही रोजची विचारपूस. प्रवासाहून आलेल्या कोणालाही हे विचारतातच. तिच्या मनात टोमणा नव्हता. खबर आणि सफर, दोन्ही शब्द माझ्या ओळखीचे, आणि मला त्याचे उत्तर देता येईना.

समुद्र माझ्या हातात नव्हता, हे खरे आहे. पण माझ्या सुट्टीतला धोका मी कोणाच्या नावावर टाकला होता? बोट वेळेवर सुटली तर मौज माझी, न सुटली तर अंधारातली चाल तिची. सुट्टीचा दिवस माझा होता, त्यावर कोणाचा हक्क नव्हता. सोमवारची सकाळ मात्र मी देऊन टाकली होती, आणि दिलेली वस्तू पुन्हा वापरली होती. शनिवारी निघून शनिवारी परत येण्यासारखी डझनभर ठिकाणे त्या बेटावर होती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण त्याच आठवड्यात वह्या तपासताना दुसरी गोष्ट दिसली. आठवीच्या वयाच्या एका मुलाची इंग्रजीची जुनी वही त्याने मला दाखवायला आणली होती. पहिल्या पानावर रंगांची नावे, खाली एका हस्ताक्षरात शाबासकी. पुढे काही पानांनंतर पुन्हा रंगांची नावे, शरीराचे अवयव, दुसरे हस्ताक्षर. मग पुन्हा रंग; तिसरे हस्ताक्षर, सोबत हसरा चेहरा. येणारा प्रत्येक पाहुणा सोप्यापासून सुरू करत होता आणि अवघडापाशी पोहोचायच्या आत विमानात बसत होता. मुलगा प्रत्येक वेळी निमूटपणे लाल, निळा, पिवळा लिहीत होता. शेवटची यादी माझ्याच हातची होती.

शनिवार-रविवारी मी पर्यटक आहे हे मला ठाऊक होते, त्याबद्दल मी स्वतःशी भांडतही होतो. बाकीच्या पाच दिवसांबद्दल मला शंकाच आली नव्हती.

आपल्या फिकहमध्ये प्रवाशाला सवलत आहे, चार रकातींच्या दोन होतात. पण शाफई मताप्रमाणे एखाद्या ठिकाणी यायचा-जायचा दिवस सोडून चार दिवस राहण्याची नियत केली की तुम्ही मुकीम होता आणि सवलत संपते. हनफींमध्ये ही मुदत पंधरा दिवसांची. सुहेलीत, म्हणजे तिथल्या स्वाहिलीत, एक म्हण आहे : पाहुणा दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. मेहमानदारी तीन दिवसांची, त्यापुढचा सदका, ही हदीसही तेच सुचवते. मी पहिल्या आठवड्यापासून पूर्ण चार रकाती पढत होतो. नमाजेत मुकीम होतो आणि वर्गात मुसाफिराची सवलत घेत होतो.

इथे मला इब्न बतूता आठवतो. 1331 च्या सुमारास तो याच किनाऱ्यावर मोंबासा आणि किलवाला येऊन गेला. पुढे दिल्लीत मुहम्मद तुघलकाने त्याला काझी नेमले. आपल्याला इथली भाषा येत नाही, असे त्याने सांगितले, तर सुलतानाने हाताखाली दोन नायब दिले. त्या नायबांनी काय निवाडे केले, वादी-प्रतिवादी काय सोसून गेले, कोणाला माहीत नाही. प्रवासवर्णन मात्र साडेसहाशे वर्षांनंतरही वाचले जाते. माझा त्याच्यावर राग नाही. पण परदेशी शिकवायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी त्याच्यापेक्षा त्या दोन नायबांचा विचार करावा, असे मला वाटते.

आमच्या शाळेतले नायब म्हणजे गणिताचे मास्तर. वर्गात साठाच्या वर मुले, सुट्टीच्या दिवशी होडीवर मासेमारी. मी पेंबाहून आल्यावर त्यांनी फोटो मागितले आणि एकेक बराच वेळ पाहिला. त्यांच्या आईचे माहेर पेंबाचे होते. बोटीचे भाडे, शिवाय माहेरी रिकाम्या हाताने जाता येत नाही. आठ वर्षांत ते गेले नव्हते. त्यांच्या आजोळी मी हौस म्हणून जाऊन आलो होतो.

या किनाऱ्यावर दुसरी रीतही होऊन गेली आहे. 1980 च्या दशकात मोंबासात मुस्लिम समाजाच्याच मागणीवरून आगा खान फाउंडेशनच्या मदतीने बालवाड्या सुरू झाल्या. शिकवायला गावच्याच बायकांना तयार केले. पुढे तो उपक्रम झांझिबारलाही आला. बाहेरून पैसा आला, विचार आला. पण सोमवारी वर्गात उभी राहणारी बाई त्याच गल्लीतली. ती कुठे जाणार?

उरलेल्या आठवड्यांत मी फिरणे बंद केले नाही. तसे केले असते तर त्या युरोपीय तरुणासारखा चिडका झालो असतो. शनिवारी जायचो, दिवस मावळायच्या आत परतायचो. रविवारी दुपारी मास्तर होडीवरून आले की आम्ही दोघे बसायचो. ते सांगत, मी लिहीत असे : कोणत्या वर्गाला काय येते, काय शिकवून झाले आहे, काय पुन्हा शिकवू नये. रंग शिकवू नयेत, हे पहिल्याच पानावर ठळक लिहिले. परीक्षेचे जुने प्रश्न जमवून त्यांची सोपी इंग्रजी टिपणे केली, ती मास्तरांच्या हवाली केली. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली. माझ्यानंतर आलेल्याने ती उघडली की नाही, मला माहीत नाही. कपाटात अशा आणखी दोन वह्या आधीपासून होत्या.

त्या मुलीच्या भावाला मी निघताना एक टॉर्च दिला. द्यायला नको होता असेही नंतर वाटले. बॅटरी संपल्यावर काय?

निघायचा दिवस गुरुवार होता. सामान बांधून मशिदीसमोर ठेवले. जोहरची वेळ झाली होती. मास्तरांनी हसून विचारले, "म्वालिमू, आज कसर करणार का?" प्रवास गावाची हद्द ओलांडल्यावर सुरू होतो, हे त्यांनाही ठाऊक होते, मलाही. डालाडाला यायला अजून अर्धा तास होता. चार रकाती पढलो.