आधी पाणी, मग ध्यान



१९२९ साली काठियावाडात एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर आला, पण त्याने तिला हात लावला नाही. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला. ती बाई वाचली नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे.

आज आपल्याच घरातील मुली हाती थर्मामीटर घेऊन वॉर्डात उभ्या आहेत. ही क्रांतीच आहे! पण मुलगी सुट्टीत घरी येईल तेव्हा तिचा चेहरा नीट पाहा. निवासी डॉक्टरला सलग चोवीस, कधी छत्तीस तास काम पडते. झोप नाही, जेवणाला वेळ नाही, वर वरिष्ठांचे बोल. अशा वेळी कोणी तिला सांगतो, 'ध्यान कर, ताण जाईल.' हा सल्ला आपण मानावा काय?

ध्यानाला आपला विरोध असण्याचे कारण नाही. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्मृतिसाधनेचा वर्ग सुरू केला, तो रुग्णांसाठी. १९९८ साली ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांवर अशा वर्गाचा प्रयोग केला, तेव्हा त्यांची चिंता व उदासी कमी झाल्याचे आढळले. या साधनेचे मूळ सतिपट्ठान सुत्तात आहे. श्वास, शरीर, वेदना, चित्त यांकडे जागेपणाने पाहायचे. यात देव नाही, मंत्र नाही, अंगारा नाही.

पण त्याच अमेरिकेतील दुसरी गोष्ट ऐका. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली आणि शिकाऊ डॉक्टरांच्या न संपणाऱ्या पाळ्यांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. १९८९ साली त्या राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २००३ साली ती देशभर लागू झाली. हे ध्यानाने झाले नाही, नियमाने झाले. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशात निवासी डॉक्टरांसाठी साधारणपणे आठवड्याला ४८ तास व एका वेळी १२ तासांपेक्षा जास्त काम नाही, असे म्हटले आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी डॉक्टरांना वारंवार आवाज उठवावा लागला.

आणि ताण कामाचाच असतो असेही नाही. २०१९ साली मुंबईत एका आदिवासी निवासी डॉक्टर मुलीने जीवन संपविले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेले. जिला जातीवरून टोमणे ऐकावे लागतात, तिला केवळ 'श्वासाकडे लक्ष दे' म्हणणे हा धम्म आहे काय?

भगवंतांनी काय केले ते पाहा. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता, कोणी विचारीत नव्हते. भगवंतांनी त्याला ध्यानाचा उपदेश केला नाही. आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून बिछान्यावर निजविले. मग संघाला बोलावून जाब विचारला आणि आजाऱ्याची सेवा परस्परांनी केलीच पाहिजे, असा नियम घालून दिला. आधी पाणी, मग नियम!

सम्यक स्मृती हे अष्टांग मार्गाचे सातवे अंग आहे. पहिले सम्यक दृष्टी. दुःखाचे कारण न पाहता नुसते सोसायला शिकविते, ती स्मृती सम्यक कशी? सोसण्याचे शिक्षण आपल्या पूर्वजांना पुष्कळ मिळाले होते. ते टाकूनच आपण नागपूरला दीक्षा घेतली.

म्हणून आईबापांनो, मुलगी सकाळी वीस मिनिटे शांत बसत असेल तर तिला बसू द्या. त्याने तिचे मन सावरेल, रुग्णाचेही भले होईल. पण ती उठली की विचारा, 'किती तास झोपलीस? कोणी काही बोलले काय?' ती सांगेल ते खरे माना. तक्रार करायची वेळ आली तर 'गप्प राहा, शिक्षण बुडेल' म्हणू नका; तिच्या पाठीशी उभे राहा.

जागे मन आपले दुःखही पाहते आणि त्याचे कारणही पाहते. एक डोळा मिटून पाहणे, याला स्मृती म्हणत नाहीत.

जय भीम!