सावित्रीचे मौन आणि सत्यधर्म

द्रौपदीसारखी दुसरी कोणी पतिव्रता पूर्वी झाली आहे काय, असे वनपर्वात युधिष्ठिराने विचारले, तेव्हा मार्कंडेय ऋषींनी त्याला सावित्रीची कथा सांगितली. वटपौर्णिमेच्या व्रतामुळे ती महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. महाभारतातील मूळ आख्यानात वडाचे नावही नाही, ही गोष्ट वेगळी. यमाच्या मागोमाग तिचे जाणे, त्याच्याशी झालेला संवाद व एकामागून एक मिळालेले वर यांचे निरूपण पुष्कळ होते. त्या आधीच्या एका वर्षाकडे मात्र कोणी फारसे वळून पाहत नाही, आणि धर्माचा खरा प्रश्न तर तेथेच आहे.

सत्यवान आजपासून एक वर्षाने देह ठेवील, हे नारदांचे भाकीत सावित्रीने पित्याजवळ बसून ऐकले होते. तरीही तिने वर बदलला नाही. पुढे अश्वपती तिला घेऊन द्युमत्सेनाच्या आश्रमात गेला आणि विवाह झाला. पण त्या अंध पित्याला त्याच्या पुत्राचे भवितव्य त्याने कळविले नाही. सावित्रीच्या मौनाचा विचार करताना राजाचे हे मौनही ध्यानात असावे. वर्षभर ती मनात दिवस मोजत राहिली, पतीला मात्र तिने एक अक्षर सांगितले नाही. आईबाप सत्य बोलणारे म्हणून ज्याचे नाव सत्यवान पडले, त्याच्याच घरात हे गुपित राहिले.

येथे शंका येते ती अशी. मरण ज्याचे, ते जाणण्याचा पहिला अधिकार त्याचाच. परीक्षितीला सात दिवसांचा अवधी कळला म्हणून तो राज्य टाकून गंगातीरी बसला आणि शुकमुखाने भागवत ऐकून कृतार्थ झाला. सत्यवानाजवळ तर एक वर्ष होते. पत्नीच्या प्रेमाने त्याचा तो अवसर हिरावून घेतला काय? साधकाच्या दृष्टीने ही शंका हलकी नव्हे. पतिव्रतेला सर्व क्षम्य असते, असे म्हणून ती झटकून टाकणे ही पळवाट होय.

परंतु परीक्षितीचीच कथा आदिपर्वात निराळी आहे. तेथे तेच वर्तमान ऐकून राजाने एका खांबावर प्रासाद उभारला, वैद्य, औषधी आणि मंत्र जाणणारे ब्राह्मण भोवती ठेवले; आणि तक्षक फळातील किड्याच्या रूपाने आत पोहोचला. वार्ता एकच, पण एका ग्रंथात तिने वैराग्य जागविले, तर दुसऱ्यात केवळ पहारा वाढविला. मरणतिथी कळल्याने परमार्थ साधतोच असे नाही. तो ऐकणाऱ्याच्या अधिकारावर अवलंबून असतो. एवढ्याने शंका अर्धी फिटते. सत्यवानाचा अधिकार कोणता, हे सावित्रीने एकटीने ठरवावे काय, हा अर्धा भाग उरतोच.

कर्णपर्वात श्रीकृष्ण भगवंतांनी अर्जुनाला कौशिकाची कथा सांगितली. सत्याचे व्रत घेतलेल्या त्या तपस्व्याने लपलेल्या लोकांची वाट चोरांना दाखविली आणि तो नरकाला गेला. सत्याची परीक्षा केवळ शब्दाने होत नाही, हा तेथील उपदेश. तथापि ही कथा सावित्रीला सरसकट लागू करणे बरे नव्हे. कौशिकाला विचारले गेले होते आणि त्याच्या मौनाने जीव वाचले असते. सावित्रीला कोणी विचारले नव्हते, आणि नुसत्या मौनाने सत्यवान वाचणार नव्हता. तिच्या मौनाला अर्थ आला तो तिने सोसलेल्या भाराने. चार दिवस उरले तेव्हा तिने त्रिरात्र व्रत धरले. ते फार कठीण आहे, असे सासऱ्याने म्हटले तरी ती ढळली नाही. चौथ्या दिवशी, सूर्यास्त झाल्यावाचून अन्न घेणार नाही असे सांगून, ती उपाशीपोटी पतीबरोबर वनात निघाली.

मात्र निघताना तिने सासऱ्याला जे सांगितले ते डोळ्यांआड करता येत नाही. फुललेले वन पाहण्याची फार उत्सुकता आहे, असे ती म्हणाली. ही सून घरात आल्यापासून तिने काही मागितल्याचे आठवत नाही, असे म्हणून त्या भोळ्या वृद्धाने अनुज्ञा दिली. येथे मौन संपून आच्छादन सुरू झाले. हेतू कितीही शुद्ध असो, हे वाक्य निर्मळ म्हणवत नाही; आणि व्यासांनी ते झाकलेही नाही.

पण झाकलेले उघडे कधी करावयाचे, हेही सावित्रीने जाणले होते. सत्यवानाने जागा होऊन, मला ओढून नेणारा तो श्यामवर्ण पुरुष कोण, असे विचारताच, तो यम होता आणि आता परत गेला, असे तिने सांगून टाकले. उरलेले सर्व जसे घडले तसे उद्या सांगेन, असेही म्हटले. उद्यापर्यंतही थांबावे लागले नाही. रात्री आश्रमात गौतम ऋषींनी, गुप्त ठेवण्यासारखे नसेल तर सांग, असे म्हणताच तिने नारदांच्या भाकितापासून यमाच्या शेवटच्या वरापर्यंत सर्व वृत्तांत निवेदन केला. दृष्टी परत मिळालेला द्युमत्सेन तेथे होता, सासू होती, सत्यवानही तेथेच बसला होता. ऋषींनी तिची स्तुती केली. आपल्यापासून एक वर्ष काय राखून ठेवले होते हे ऐकल्यावर सत्यवान काय म्हणाला, त्याचा एकही शब्द आख्यानात नाही.