ठसा घेणारा हात

एखादे काम नीट न करणे ही केवळ उणीव आहे की तो अपराधही आहे? सुताराच्या हातून फडताळ वाकडे झाले तर आपण त्याला अडाणी म्हणू. पापी म्हणणार नाही. पण काही कामे अशी असतात की त्यांतील चुकीची झळ ती करणाऱ्याला मुळीच लागत नाही. सारा भार दुसऱ्यावर, आणि बहुधा दुबळ्यावर, पडतो. अशा कामाविषयीही आपण तेवढेच बोलून थांबावे काय? हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते बोटांचे ठसे घेण्याच्या कामाचे.

या कामाला आपल्या देशात मोठा इतिहास आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. पुढे १८९७ साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रा कार्यालय निघाले आणि तेथे अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांनी ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत सिद्धीस नेली. ज्या ठशाने पूर्वी गुन्हेगार ओळखला जाई, तोच ठसा आज गरिबाला तांदूळ, पेन्शन आणि मजुरी मिळवून देतो. महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्यानंतर गावोगाव आणि शहरोशहरी खाजगी एजन्सींची माणसे यंत्रे मांडून बसली व कोट्यवधी लोकांचे हात त्यांच्या हाती आले.

ठसा नीट घेणे म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू या. यंत्राची काच स्वच्छ पुसलेली असावी. समोरच्याने शक्यतो उभे राहावे, म्हणजे बोटे काचेवर सपाट बसतात. आधी एका हाताची चार बोटे, मग दुसऱ्या हाताची चार, शेवटी दोन्ही अंगठे. बोटे कोरडी असतील तर ओल्या फडक्याने पुसावीत, घामेजलेली असतील तर कोरडी करावीत. ठसा अस्पष्ट आला तर पुन्हा घ्यावा. हे सारे येते की नाही याची परीक्षा घेऊनच ऑपरेटरला कामावर बसवतात, आणि प्रत्येक नोंदीखाली त्याला स्वतःच्या बोटाचा ठसा द्यावा लागतो. म्हणजे समोरच्या माणसाविषयी ऑपरेटर एक प्रकारे साक्ष देत असतो.

आता ज्यांची बोटे उमटत नाहीत त्यांचा विचार करा. चुना आणि सिमेंट कालवणारा गवंडी, जन्मभर दुसऱ्यांची भांडी घासणारी बाई, कातडी सुकून रेषा बुजलेली आजी. कष्टाने झिजलेला हात यंत्राला वाचता येत नाही. भारत सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत ठसा न जुळण्याच्या प्रमाणाचे काही अंदाज दिले होते: आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्यात शेकडा ५, गुजरातेत ६, राजस्थानात ३७, झारखंडात ४९. यांतील काही दोष यंत्राचा, काही दूरध्वनीच्या जाळ्याचा. पण मुळात ठसा घाईने घेतला असेल, तर त्या घाईची किंमत तो माणूस पुढे दर महिन्याला रेशनच्या दुकानापुढे मोजतो. ठसा घेणाऱ्याला हे कधी कळतही नाही.

ज्यांना बोटेच नाहीत त्यांच्यासाठीही नियमांत वाट ठेवली आहे. अशा माणसाची अपवाद म्हणून नोंद करावी, चेहरा व दोन्ही हात दिसतील असे छायाचित्र घ्यावे आणि त्याला क्रमांक द्यावा. परंतु या वाटेचे हैदराबादेत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २०१२ साली तेथे उघडकीस आले की एका एजन्सीच्या ऑपरेटरने शेकडो धडधाकट माणसांची नोंद याच अपवादात केली होती. कोणाचे ठसे घेण्याचे कष्ट नकोत, की कोणाची ओळख लपवायची, हेतू काही असो. लुळ्यापांगळ्यांसाठी ठेवलेल्या दारातून भलतेच लोक आत आले. त्याच वर्षाच्या अखेरीस देशभरातील असे ३ लाख ८४ हजार क्रमांक रद्द करण्यात आले.

दाराचा असा दुरुपयोग झाला की ते दार आणखी आवळले जाते, आणि जो खरोखर बोटांवाचून आहे त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. डिसेंबर २०२३ मध्ये केरळातील एका स्त्रीची हकीकत पुढे आली. हाताला बोटे नाहीत म्हणून तिला आधार क्रमांक मिळत नव्हता. केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर अधिकारी तिच्या घरी गेले व त्याच दिवशी क्रमांक मिळाला. चौकशीत दिसले की पूर्वीच्या ऑपरेटरने अपवादाची पद्धतच वापरली नव्हती. अपवादाविषयीच्या सूचना तर २०१४ सालीच निघाल्या होत्या, आणि बोटे किंवा डोळ्यांची नोंद देऊ न शकणाऱ्या सुमारे २९ लाख लोकांना तोवर क्रमांक मिळालेही होते. वाट होती, ती दाखवणाऱ्याला ठाऊक नव्हती, किंवा तिच्यावरून कोणाला नेण्याची त्याची तयारी नव्हती.

आमचे म्हणणे असे, की हैदराबादेतील त्या खोट्या नोंदी करणारा आणि केरळातील त्या स्त्रीला रिकाम्या हाताने परत पाठवणारा, या दोघांनी एकाच शेजाऱ्याचे नुकसान केले. पहिल्याने खोटी साक्ष दिली, दुसऱ्याने खरी साक्ष देण्याचे टाळले. दोघांच्याही डोळ्यांपुढे तो शेजारी नव्हता. पुढे होती ती फक्त लांबलेली रांग.

यावर कोणी म्हणेल, "तुटपुंज्या पगाराच्या पोराला का दोष देता? एजन्सीला नोंदीमागे पैसे मिळतात, वरचे लोक आकडा विचारतात. तो बिचारा काय करणार?" हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच दोष एकट्या ऑपरेटरचा नव्हे. ज्याने त्याला दोन दिवसांत बटणे दाबायला शिकवले व यंत्र कोठे थांबते हे शिकवलेच नाही, त्याच्याकडे दोषाचा मोठा वाटा जातो. शिक्षणाचा अर्थ ठसा कसा घ्यावा एवढाच नाही. ठसा येत नसेल तेव्हा माणसाला कसे वागवावे, हाही त्याचा अर्थ आहे.

असे करता येते याचा पुरावा त्याच हैदराबादहून कारभार चालणाऱ्या जुन्या आंध्र प्रदेशात आहे. २००६ पासून तेथे रोजगार हमीची मजुरी व पेन्शन ठशांच्या स्मार्टकार्डांवर देण्यास आरंभ झाला. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस व संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी आठ जिल्ह्यांत पाहणी करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: मजुरी लवकर हाती पडू लागली व मधली गळती कमी झाली. तेथे ज्यांचे कार्ड झाले नव्हते किंवा चालत नव्हते त्यांना जुन्या पद्धतीने पैसे देण्याची मोकळीक ठेवली होती, हे विसरू नये. यंत्र चोराला अडवण्यासाठी होते, मजुराला नव्हे.

पवित्र शास्त्रात हातांवरून ओळख पटवण्याची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. म्हाताऱ्या, आंधळ्या इसहाकाला आवाजावरून शंका आली होती. पण करडांच्या कातड्यात गुंडाळलेले हात चाचपून त्याने तिकडे विश्वास ठेवला आणि तो फसला. हात फसवू शकतात, म्हणून पडताळणी हवी, हे आम्हांला मान्य आहे. पण लेवीय पुस्तकात दुसरेही एक चित्र आहे. बरा झालेला कुष्ठी छावणीबाहेर असे, आणि त्याची तपासणी करण्यासाठी याजकाने स्वतः छावणीबाहेर जावे, असा नियम होता. तपासणी टाळलेली नाही. मात्र पावले उचलायची ती तपासणाऱ्याने. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात निजामाबादजवळ डिचपल्ली येथे मेथडिस्ट मिशनच्या डॉ. इझाबेल कर यांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले. ज्या हातांना कोणी शिवत नसे ते त्यांनी हाती घेतले. आजार बरा झाला तरी झडलेली बोटे परत येत नाहीत; अशा माणसाने काचेवर काय ठेवावे?

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे: ज्या कामात आपल्या चुकीचा भार परक्यावर पडतो, त्या कामातील कौशल्य हा न्यायाचाच भाग आहे. ते शिकून घेणे, आणि शिकवणे, हे ऋण आहे, मेहरबानी नव्हे.

आपल्या मंडळ्यांतील अनेक तरुण-तरुणी आज अशाच कामांवर आहेत: सेवा केंद्रात, बँकेच्या प्रतिनिधीकडे, रेशनच्या दुकानात. त्यांनी अपवादाचे नियम ठशाच्या नियमांइतकेच पाठ करावेत, आणि धडधाकटाची अपवादात नोंद करण्यास कोणी सांगितले तर साफ नकार द्यावा. मंडळीतील वडीलधाऱ्यांनी आपल्या म्हाताऱ्या विधवांची, आजाऱ्यांची चौकशी करावी. कोणाचे बोट जुळत नाही, कोणाचे रेशन अडले आहे, हे विचारावे. डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आता पुष्कळ ठिकाणी आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही, ठसा जुळला नाही एवढ्यामुळे हक्कदाराचा लाभ बंद होऊ नये, हे नोंदवले आहे. पण कचेरीत हे सांगण्याचे धैर्य एकट्या म्हातारीला नसते. कोणीतरी तिच्याबरोबर जावे आणि तिची साक्ष द्यावी.