अवलंबित कोण?

नागपूरच्या दक्षिणेचे हुडकेश्वर 2013 साली महापालिकेत आले. तोवर ते गाव होते. शेतांचे ले-आउट पडले, प्लॉट विकले गेले आणि जुन्या शहरात जागा पुरेनाशी झालेली कुटुंबे इकडे आली. खाली एक मजला, पैसा जमला की वर दुसरा, अशी ही घरे वाढली. अशाच एका घराची कल्पना करू. खाली अब्बा आणि अम्मी. त्यांच्याजवळ अब्बांची विधवा बहीण, म्हणजे मुलांची फुफी. वर थोरला मुलगा, त्याची बायको आणि दोन लेकरे. धाकटा मुलगा अल्लाहला प्यारा झाला. त्याचा पोरगाही याच घरात वाढतो. माणसे आठ, चूल एक आणि पगार एक.

या घराला कुटुंब म्हणायचे की नाही? जनगणनेचा कर्मचारी म्हणेल, एका स्वयंपाकघरात जेवतात ना, मग हे एक कुटुंब. आयकर खात्याचा हिशेब निराळा आहे. जुन्या करपद्धतीत थोरल्याने आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरला तर 25,000 रुपयांपर्यंत आणि ते ज्येष्ठ नागरिक असतील तर 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. आईवडील त्याच्यावर अवलंबून असलेच पाहिजेत, अशी अटही नाही. पण फुफीचा हप्ता भरला तर एका रुपयाचीही सूट नाही. पुतण्याचीही नाही. अवलंबित नातलग दिव्यांग असेल तर कायदा थोडा पुढे सरकतो आणि भावाबहिणीला यादीत घेतो. फुफी आणि पुतण्या तेव्हाही उंबऱ्याबाहेरच. नव्या करपद्धतीत तर या दोन्ही वजावटी मिळत नाहीत. तिथे दर कमी आहेत. मात्र एकट्याने राहणारा आणि सात जणांना पोसणारा, दोघांचा पगार सारखा असेल तर करही सारखाच. 1961 चा कायदा जाऊन 2025 चा आला, नात्यांची यादी तीच राहिली.

याहून विचित्र नियम भेटीचा आहे. फुफीने भाच्याला मोठी रक्कम दिली तर ती करमुक्त, कारण आईवडिलांची भावंडे भाच्याचे 'नातलग' ठरतात. पण भाच्याने वर्षभरात फुफीला 50,000 रुपयांपेक्षा जास्त दिले तर ती रक्कम फुफीचे उत्पन्न मानली जाते. कायद्याच्या व्याख्येत भाचा तिचा नातलगच नाही. तिला दुसरे उत्पन्न नसल्याने प्रत्यक्ष कर बहुधा लागणार नाही, ही गोष्ट वेगळी. पण यामागचा समज पाहा. माया वरून खाली वाहते, मोठे देतात आणि लहान घेतात, असे कायदा धरून चालतो. म्हातारपणी हा प्रवाह उलटा होतो, हे त्याच्या लक्षात आलेले नाही.

इथे आपल्यातले अनेक जण हिंदू अविभक्त कुटुंबाकडे बोट दाखवतात. त्याला स्वतंत्र पॅन आहे, स्वतंत्र करमुक्त मर्यादा आहे. मुसलमानाच्या एकत्र कुटुंबाला ती नाही. तक्रार खोटी नाही. 2018 साली विधी आयोगानेही आपल्या विचारपत्रात ही सवलत चालू ठेवण्यावर प्रश्नचिन्ह लावले. पण ती सवलत मिळकतीच्या सामायिक मालकीतून आली आहे, पोसण्याच्या ओझ्यातून नाही. आपल्या शरीयतीत एकत्र राहिल्याने मिळकत एकत्र होत नाही. ज्याचे त्याचे असते आणि बाईचे बाईचे असते. हे तत्त्व सोडून तशीच सवलत मागण्यात मला अर्थ दिसत नाही. मागायचेच तर सर्वांसाठी मागावे: जो खरोखर पोसतो, त्याचे पोसणे मोजावे, मग त्याचा धर्म कोणताही असो.

असे मोजता येते का? अमेरिकेच्या करकायद्यात सासू-सासरे आणि आत्या-मावशीही अवलंबित ठरू शकतात. त्यांचे उत्पन्न मर्यादेत हवे आणि निम्म्याहून अधिक खर्च करदात्याने उचललेला हवा. अर्थात तिथेही भिंत आहेच. तिकडे नोकरी करणाऱ्या मुलाची नागपुरात राहणारी आई भारताची नागरिक असेल, तर ती त्या हिशेबात बसत नाही.

आपल्या फिक्हने हा प्रश्न फार आधी दुसऱ्या बाजूने सोडवला. जकात आईवडिलांना, आजीआजोबांना, मुलांना, नातवंडांना देता येत नाही. का? कारण त्यांना पोसणे हा आधीच फर्ज आहे, आणि स्वतःचा फर्ज जकातीच्या पैशाने फेडता येत नाही. हनफी मताप्रमाणे गरीब सख्ख्या नातलगांचा नफकाही वारशाच्या प्रमाणात वाटला जातो. फुफीला मूलबाळ नसेल आणि उद्या तिच्या मागे जे राहील त्यातला हिस्सा भाच्याकडे येणार असेल, तर आज तिच्या भाकरीची जबाबदारीही त्याच्याकडे येते. हक आणि फर्ज एकाच तराजूत. आयकराची यादी विचारते, नाव बसते का? फिक्ह विचारतो, तुझ्यावर कोणाचा हक आहे?

म्हणून आपले घर निर्दोष ठरते का? त्या पोरक्या नातवाकडे पाहा. आजोबा जिवंत आहेत तोवर तो त्यांच्या ताटात जेवतो. ते गेले की चुलता हयात असल्यामुळे त्याला वारसा नाही. मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करून आजोबा त्याची सोय करू शकतात. इजिप्तने 1946 साली अशी तरतूद कायद्यानेच केली. आपल्याकडे ते आजोबांच्या मर्जीवर आहे आणि किती आजोबा लेखणी उचलतात? सरकारच्या यादीत पोरगा नाही म्हणून आपण चिडतो; आपल्या वसीयतीत त्याचे नाव घालायला कोणी अडवलेले नाही.

आणखी एक प्रश्न राहतो. 'अवलंबित' हा शब्दच तपासायला हवा. फुफी पहाटे उठते, लेकरांना शाळेसाठी तयार करते, अम्मीला वेळेवर औषध देते. तिच्यामुळे सून शिवणकाम करू शकते आणि मुलगा निश्चिंत मनाने कामावर जातो. मग कोण कोणावर अवलंबून? पगाराची चिठ्ठी एकाच्या नावाने निघते म्हणून बाकी सगळे आश्रित ठरवणे, ही चूक सरकार करते आणि जेवताना आपणही करतो. कधी बोलण्यातून, कधी न बोलता.

कायद्याला हिशेब ठेवावा लागतो आणि हिशेबाला रकाने लागतात. तो रकाना रुंद व्हावा, बहीण, फुफी आणि पोरका पुतण्या त्यात यावेत, ही मागणी न्याय्य आहे आणि ती आपण सर्वांच्या वतीने केली पाहिजे. पण वजावट मिळाल्यावर सांभाळणे सुरू करू, असे म्हणणारा माणूस आयकर खात्याला फसवत नसेल. आपल्या नातलगांना मात्र फसवतो. नातलगाला दिलेल्या सदक्याचे सवाब दुहेरी सांगितले आहे, एक देण्याचे आणि एक नाते जोडल्याचे. यातला दुसरा भाग कोणत्याही विवरणपत्रात भरता येणार नाही आणि भरावाही लागू नये.